मागच्या सीटवरचं वजन

गाडीत दुसरं कोणी बसलेलं असलं की ब्रेक शहाण्यासारखे वागायचे. मी एकटी असले की थरथरायचे. हे मी जव्हारच्या गॅरेजवाल्याला सांगितलं, नाशिकच्या वर्कशॉपमध्ये सांगितलं, नवऱ्याला तर रोज सांगितलं. अंगात येणाऱ्या बाईकडे लोक जसं बघतात तसं सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बोलणं अदबीचं, पण दोन पावलं मागे सरकून.

मी जव्हारला राहते आणि मोखाड्याच्या पुढे, खोडाळ्याच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. अकरा वर्षं हा रस्ता मी जीपने केला. नाक्यावर जीप भरेपर्यंत थांबायचं, मोखाड्याला उतरायचं, तिथे दुसरी जीप भरेपर्यंत पुन्हा थांबायचं. जीप भरली म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. त्या अकरा वर्षांत माझा पहिला तास दुसऱ्याच कोणीतरी सांभाळला. मग बेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले आणि एक छोटी पांढरी गाडी घेतली. तेव्हापासून पहिला तास माझा झाला, आणि सकाळचा रस्ताही माझा झाला. त्या रस्त्यावर मला कोणी हाक मारत नाही, कोणाचा डबा भरायचा नसतो, कोणाचं काही शोधून द्यायचं नसतं. गाडी गेली असती तर ही सकाळ गेली असती आणि मी पुन्हा नाक्यावर उभी राहिले असते. पुढचं सगळं भांडण एवढ्यासाठीच होतं.

माझे वडील जव्हारजवळच्या साखरशेतला राहतात. भात, नागली म्हणजे नाचणी, आणि माळावर थोडा उडीद. म्हातारपणी झेपेना म्हणून त्यांनी बैल विकले, आणि त्याचं दुःख त्यांना आई गेल्याच्या दुःखाइतकंच आहे, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे उडदाचे वेल मुळासकट उपटून वाळवतात आणि डांबरी रस्त्यावर पसरतात. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांखाली शेंगा फुटतात. उन्हं कलली की वेल झटकून बाजूला करायचे आणि उडीद पाखडून घरात न्यायचा. रस्ता सरकारचा, चाकं दुसऱ्याची, मळणी आपली. वडिलांच्या घरासमोरून मात्र गाड्या थोड्याच जातात. म्हणून एका रविवारी मी भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "बाय, तुजी गाडी जरा फिरव ना याच्यावरून. बैल इकलं, आता तूच बैल."

मी हसत हसत दहा-बारा वेळा गाडी पुढे-मागे केली. ते कडेला उभे राहून हाताने दाखवत होते, जरा इकडं घे, जरा तिकडं. शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "पोरीची गाडी हाय." खरं सांगते, नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. पुढचे दोन रविवार मी तेच केलं.

पहिल्यांदा ब्रेक थरथरला तो त्यातल्याच एका आठवड्यात, मोखाड्याच्या अलीकडच्या उतारावर. समोर शेळ्या आल्या. मी बेताने ब्रेक दाबला, वेगही फार नव्हता. पायाखाली काहीतरी घरघरलं, पेडल उलटं माझ्याच पायाला ढकलायला लागलं आणि गाडी थांबायच्या ऐवजी हातभर पुढे गेली. शेळ्या वाचल्या, कारण शेळ्यांना अक्कल असते. समोरच्या मीटरमध्ये एबीएसचा पिवळा दिवा पेटला होता. शाळेपाशी गाडी बंद करून पुन्हा चालू केली तर दिवा नाही, काही नाही. जसं काही मी स्वप्नच बघितलं होतं.

एबीएस म्हणजे काय ते मी त्या दिवशी मधल्या सुट्टीत वाचून काढलं. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. चाक किती वेगाने फिरतंय ते तो सांगत राहतो. आपण जोरात ब्रेक दाबला आणि एखादं चाक फिरायचंच थांबलं, तर गाडी घसरते. म्हणून एबीएस त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतं, धरतं, पुन्हा सोडतं. पेडल थरथरतं ते त्यामुळे. म्हणजे थरथरणं हा रोग नाही, औषध आहे. पण मी तर हळू दाबला होता. रोग नसताना औषध का चालू झालं, हे कोणी सांगेना.

जव्हारचा गॅरेजवाला माणूस म्हणून चांगला. पंधरा वर्षं भिवंडीत ट्रकांखाली काढून आलेला, त्यामुळे बोलण्यात निम्मं हिंदी. त्याने आपलं छोटं मशीन गाडीला लावलं आणि म्हणाला, "मॅडम, इंजन एकदम साफ आहे. टेन्शन नका घेऊ." मी म्हटलं, तक्रार इंजिनाची नाहीच, ब्रेकची आहे. तेव्हा कळलं की त्याचं मशीन इंजिनाच्या पलीकडचं काही वाचतच नाही. मग म्हणाला, चालवून बघू. तो स्टिअरिंगवर बसला, नवरा त्याच्या शेजारी बसला, आणि गॅरेजवाला मला म्हणाला, तुम्ही मागे बसा. मी मागे बसले. उतारावर त्याने चार वेळा ब्रेक दाबला. पेडल लोण्यासारखं. त्याने तिरप्या नजरेने नवऱ्याकडे बघितलं आणि नवऱ्याने खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, एकटी, त्याच उतारावर गाडी थरथरली.

मग नाशिक. शाळेतून रजा टाकून गेले. तिथलं मशीन मोठं होतं, त्याने लगेच सांगितलं की मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा निरोप मधेच तुटतोय. माझा जीव भांड्यात पडला. नवा सेन्सर बसवला, मशीनमधली जुनी नोंद पुसली आणि फेरी मारायला निघालो. चालवणारा त्यांचा माणूस, शेजारी सल्लागार साहेब, मी मागे. गाडी गाईसारखी गरीब. साहेब म्हणाले, निश्चिंत जा. कचेरीच्या कामाने नाशिकला आलेला नवरा परत येताना बरोबर होता, त्याला मोखाड्याच्या अलीकडे गाडी लागते म्हणून तो मागच्या सीटवर आडवा झाला होता. काहीच झालं नाही. मी वाटेत थांबून स्वतःला भजी खाऊ घातली.

सोमवारी एकटी निघाले आणि पुन्हा तेच. पेडल पायाला ढकलतंय, पिवळा दिवा पेटलाय. मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात आपटले. त्या दिवशी पहिल्या तासाला आठवीच्या मुलांवर मी विनाकारण ओरडले. त्याची मला अजून लाज वाटते.

नाशिकला पुन्हा गेले तेव्हा सल्लागार साहेबांचा सूर बदलला होता. गाडी त्यांच्या आवारात गुणी मुलीसारखी उभी होती. ते म्हणाले, "मॅडम, एबीएसमध्ये पेडल थरथरतंच. ते फीचर आहे. तुम्ही ब्रेक एकदम दाबता का? लेडीजचं बऱ्याचदा तसं होतं. घाबरून पूर्ण पाय टाकतात." मी म्हटलं, मी घाबरत नाही. ते हसले. त्या हसण्यावर मला हातातली पर्स फेकून मारावीशी वाटली, पण मी शिक्षिका आहे, म्हणून मी थँक्यू म्हणून बाहेर आले. सेन्सर नवा, दिवा बंद, नोंद जुनीच म्हणून पुन्हा पुसलेली. मग उरलं कोण? मी.

त्यानंतर घरात विषय बदलला. गाडीला काय झालंय यावरून तो मला काय झालंय यावर आला. नवरा कचेरीत कारकून आहे आणि कागदावर जे नाही ते जगात नाही, अशी त्याची श्रद्धा आहे. वर्कशॉपच्या कागदावर "दोष आढळला नाही" असं लिहिलेलं होतं. तो म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." चिडवायला म्हणाला, पण त्याच्या डोळ्यांत काळजी होती, आणि काळजीचा मला जास्त राग आला. टोमण्याला उलट बोलता येतं. काळजीला काय बोलणार?

सगळ्यांत वाईट हे की माझाही माझ्या पायावरचा विश्वास उडाला. मी ब्रेकवर पाय ठेवायच्या आधी विचार करायला लागले. हळू दाबू का, किती हळू, टाच कुठे ठेवू. घाटात विचार करून ब्रेक दाबणारा माणूस म्हणजे धोका, हे मलाही कळत होतं. एका वळणावर समोरून एसटी आली तेव्हा मी ब्रेक दाबायला क्षणभर उशीर केला. ड्रायव्हरने हात बाहेर काढून मला काहीतरी सुनावलं. काच बंद होती, पण कळलं.

त्याच संध्याकाळी नवऱ्याने सांगितलं की त्याच्या कचेरीतले एक जण गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला, येत्या नाही तर त्याच्या पुढच्या रविवारी, येणार आहेत. त्याने त्यांना शब्द दिला होता. मला न विचारता. मी ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "गाडी कोणाची?" तो म्हणाला, "गाडी तुझी. पण तू आमची आहेस ना?" असं कोणी बोललं की भांडायची पंचाईत होते. मी न भांडता जेवले, आणि रात्रभर मनात भांडत राहिले.

उत्तर सापडलं ते नागलीच्या पोत्यांमुळे. मधल्या रविवारी वडिलांनी दोन पोती दिली होती, एक आमचं, एक नणंदेचं. मी ती मागच्या सीटवर टाकली आणि उतरवायची राहून गेली. सोमवारी मी एकटी गेले. उतारावर दात आवळून ब्रेक दाबला. काही झालं नाही. मंगळवारी काही झालं नाही. मला वाटलं, चला, आपोआप बरी झाली. बुधवारी सकाळी पोती घरात उतरवून गेले, आणि त्याच उतारावर पेडल पुन्हा पायाला ढकलायला लागलं.

मी गाडी कडेला लावून तशीच बसून राहिले. आठवीच्या मुलांना मी दरवर्षी सांगते, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पोती होती, थरथर नव्हती. पोती गेली, थरथर आली. गुरुवारी मी मुद्दाम पोती पुन्हा गाडीत चढवली. नवरा दारात उभा राहून बघत होता, विचारायचं धाडस त्याला झालं नाही. थरथर नाही. शुक्रवारी उतरवली. थरथर. मग मला त्या सगळ्या फेऱ्या आठवल्या. जव्हारला मी मागे, नाशिकला मी मागे, येताना नवरा मागे. मागची बाजू दबलेली असली की गाडी ठीक. रिकामी असली आणि उतारावर ब्रेक लागला, की मागची बाजू वर उचलली जाते आणि तिथेच काहीतरी ताणलं जातं. पुरुषांनी मला दर वेळी मागे बसवलं आणि दर वेळी मीच दोष झाकून टाकला. माझं वजन काही कमी नाही. दोन पोत्यांचं काम मी एकटी करत होते.

मला हसू आलं आणि मग इतका राग आला की हसू पुरलं नाही.

शनिवारी शाळा अर्धी असते. दुपारी मी सरळ गॅरेजवर गेले. वडील बाजाराला जव्हारला आले होते आणि मी त्यांना घरी सोडायचं ठरलं होतं, म्हणून तेही गॅरेजवर येऊन जुन्या टायरवर बसले. मी गॅरेजवाल्याला म्हटलं, "मागून गाडी हलकी असली की होतं, जड असली की होत नाही. पाच दिवस करून बघितलंय. सेन्सर नवा आहे, म्हणजे सेन्सरच्या पुढची वायर बघा." तो तोंड उघडणार होता, पण मी त्या आठवड्यात कोणाचं ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते आणि ते त्याला दिसलं असावं. त्याने जॅक लावला, गाडी मागून उचलली. चाक खाली लोंबलं. तो आडवा होऊन आत गेला.

आत बराच वेळ खुडबुड चालली. मग आतून आवाज आला, "अरे, ये क्या भर के रखा है."

त्याने हात बाहेर काढला. मुठीत काळपट, वाळलेल्या, दोरीसारख्या पीळ बसलेल्या काड्यांचा गुंता होता. चाकाच्या मागे, आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी तो गुंडाळला गेला होता, आणि फिरता फिरता त्याने सेन्सरकडून वर जाणारी वायर ओढून धरली होती. वायरचं कव्हर वरून धड होतं. आतली तार मात्र जवळजवळ तुटलेली. मागे वजन असलं की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, गाडी मागून उचलली गेली की सुटायची. चाक बंद पडलं असं एबीएसला वाटायचं आणि ते आपलं औषध सुरू करायचं. गॅरेजवाल्याने वायरला मीटर लावून मला ओढून दाखवलं. ओढली की मीटर गप्प, सोडली की पीं. दोन-तीन वेळा त्याने तसं केलं, आणि मग कधी नव्हे ते माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही बरोबर बोलत होता."

गुंता त्याने जमिनीवर टाकला होता. वडील टायरवरून उठले, तो उचलला आणि नखाने एक शेंग फोडली. तळहातावर काळा दाणा पडला.

"हा आपला उडीद," ते म्हणाले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी दोनदा नाशिकला गेले होते, आणि दोष साखरशेतच्या अंगणासमोरचा होता. गॅरेजवाला मोठ्याने हसला. वडील हसले नाहीत. तो दाणा त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला आणि पुन्हा टायरवर जाऊन बसले.

तार जोडून, वर नळी चढवून, वायर पट्टीने वर बांधून झाली. गॅरेजवाला सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेला. मी म्हटलं, "कोणी बसायचं नाही. मागेही नाही, पुढेही नाही." मी एकटी गावाबाहेरच्या उतारापर्यंत गेले. हळू दाबला, जोरात दाबला, अर्धा दाबला. पेडल माझ्या पायाखाली गप्प होतं. मी गाडी कडेला घेऊन रडले. आनंदाचं रडू नव्हतं ते. त्या सगळ्यांना मी त्या शुक्रवारपर्यंत खरं मानलं होतं, त्याचं होतं.

परत आले तेव्हा वडील रस्त्यावर उभे होते. गाडीत बसले, माझ्या शेजारी. जव्हार मागे पडलं. मग समोर बघतच म्हणाले, "थरथरली?"

"नाही."

"जावयाला मीच बोललो व्हतो. गाडी इका म्हून. तुला बोललो नाय."

मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. एकीकडे गाडी विका म्हणायचं आणि दुसरीकडे रविवारी त्याच गाडीसाठी रस्त्यावर उडीद पसरायचा. आणि वर मला तूच बैल म्हणायचं. ओठांवर पुष्कळ आलं होतं. नवऱ्याशी मी एवढे दिवस भांडत होते आणि तो सासऱ्याचं नाव न घेता शिव्या खात होता, तेही त्यातच आलं. पण वडिलांचा हात खिशावर होता, जिथे त्यांनी तो दाणा ठेवला होता. मी फक्त विचारलं, "तुम्हालाही वाटलं, माझ्या पायाचाच दोष आहे?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. आमच्याकडे याचा अर्थ हो असा होतो.

साखरशेतच्या वळणावर आलो आणि मला ब्रेक लावावा लागला. घरासमोरचा रस्ता काळ्या वाळक्या वेलांनी भरलेला होता. माळावरचा उरलेला उडीद त्यांनी सकाळीच, बाजाराला जायच्या आधी, पसरून ठेवला होता, संध्याकाळी माझी गाडी येणार म्हणून. कडेला काठी उभी होती, सूप होतं, पोतं होतं. सगळी तयारी.

वडील दार उघडून उतरले. वाकले आणि दोन्ही हातांनी वेल कवटाळून रस्त्याच्या कडेला टाकायला लागले. आधी दोन चाकांपुरती वाट केली. मग ती बघितली, मान हलवली आणि अख्खा रस्ता मोकळा करायला लागले. त्यांची कंबर दुखते, मला माहीत आहे. शेंगा फुटून दाणे डांबरावर सांडत होते, तेही ते वेचत नव्हते. मी उतरून हात लावायला हवा होता. मी उतरले नाही, कारण माझा राग अजून गेला नव्हता आणि त्यांना ते करू द्यावं असं मला वाटत होतं.

शेवटची काडी पायाने बाजूला सारून ते उभे राहिले, कमरेवर हात ठेवून, आणि मला पुढे यायची खूण केली. तीच खूण, मळणीच्या वेळची. मग खिडकीपाशी येऊन, शेजारी ऐकत असताना, म्हणाले, "तुजा पाय चांगलाच व्हता, बाय."

मी ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी त्यांच्या दारापुढून नेली. रविवारी गाडी बघायला कचेरीतले गृहस्थ आले, तेव्हा मी त्यांना चहा दिला आणि गाडीची किल्ली माझ्या पदराच्या गाठीत होती.